पाटी राहू दिलीत, काकू

काकू,

हे तोंडावर बोलले असते तर तुम्ही "गप बस गं" म्हणून उठून गेला असता. म्हणून इथं चारचौघांत लिहिते.

घर शोधताना काय काय ऐकलं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. फोनवर भाडं ठरायचं, डिपॉझिट ठरायचं. मग "आडनाव काय म्हणालात?" ते मुसलमानी निघालं की मालकाचा पुतण्या नेमका पुण्याहून राहायला यायचा. एक जण म्हणाले, नॉनव्हेज चालणार नाही. कोल्हापुरात! आणि त्यांच्याच जिन्यात रविवारच्या रश्श्याचा वास घमघमत होता.

कायद्याकडे बघावं, तर घटनेच्या १५व्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते आहेत. भाड्याच्या खोलीचं नाव नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं एका पारशी सोसायटीचा फक्त पारशांनाच सभासद करण्याचा नियमही मान्य केला. म्हणजे आमच्यासारख्यांचा सगळा हवाला मालकाच्या मनावर. तुम्ही विचारलंत एवढंच, गाडी कुठं लावणार?

पण आभार त्याचे नाहीत, पाटीचे आहेत. ७ जून २०२३. औरंगजेबाच्या स्टेटसवरून कोल्हापुरात बंद, दगडफेक, नेट गेलेलं. आमचे मिस्टर स्क्रू ड्रायव्हर घेऊन दारावरची नावाची पाटी काढत होते. तुम्ही जिन्यात आलात.

"काय करालायस रं?"

ह्यांनी सांगितलं.

"मग पोस्टमननं तुमचं टपाल माझ्या डोक्यावर टाकायचं व्हय? बसीव परत."

एका भोकात स्क्रू नुसताच फिरत होता. तुम्ही देव्हाऱ्यातली काडेपेटी आणलीत, एक काडी मोडून भोकात खोचलीत आणि पाटी घट्ट बसेपर्यंत हलला नाहीत.

"शाहूंचं कोल्हापूर" म्हणत माईक गाजवणारे इथं कमी नाहीत. महाराजांनी १९०६ साली मुस्लिम बोर्डिंगसाठी पुढाकार घेतला, तेव्हा अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन चहा घेतला, सगळं त्यांना तोंडपाठ. आम्हाला परत पाठवणाऱ्यांतही असे दोघे होते. तुमच्या तोंडी महाराजांचं नाव मी कधी ऐकलं नाही. पाण्याची पाळी, गॅसचा नंबर, शेजारणीचा गुडघा, ह्यातच तुमचा दिवस जातो. चांगली माणसं बहुधा अशीच कामात असतात.

करार संपत आलाय. भाडं वाढवायचं असेल तर न लाजता सांगा. फक्त मोरीच्या नळाचं तेवढं बघा, फार गळतोय.

तुमची,
वरच्या मजल्यावरची