नाखवा, तुम्ही तिथी विचारलीत म्हणून

नाखवा, नमस्कार.

ठाणे खाडीतले फ्लेमिंगो बघायचे म्हणून तुम्हाला फोन केला, तेव्हा मी एवढंच विचारलं होतं, "रविवारी सकाळी आठला बोट मिळेल का?" दराचं राहिलं बाजूला, तुम्ही उलट मलाच विचारलंत, "तिथी कुठली?" मी गांगरले. भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं, तर चतुर्थी. "मग नका येऊ. नुसता चिखल बघून जाल."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे गणित तुम्ही फोनवरच शिकवलंत. चतुर्थीला तीनची भरती, म्हणजे सकाळी नऊला पाणी पार तळाला. बोट रुतणार आणि पक्षी लांबवर गुलाबी रेघेसारखे दिसणार. पुढच्या रविवारी एकादशी, सव्वाआठची भरती; पाणी उतरायला लागलं की निघू, हेही तुम्हीच ठरवलंत. हातचं गिऱ्हाईक आठवडाभर पुढे ढकलणारा माणूस मी मुंबईत तरी पहिल्यांदाच पाहिला.

त्या दिवशी तिवरांच्या कडेने चिखल उघडा पडत गेला, तसतसे थवे उतरले. मान खाली, चोच उलटी, पाणी गाळत गाळत सगळे एका दिशेने पुढे. बोटीतल्या एका काकांना उडत्या थव्याचा फोटो हवा होता. "जरा जवळ घ्या, मी टाळ्या वाजवतो." तुम्ही सरळ इंजिन बंद केलंत. "त्यांची पंगत बसलीय," एवढंच बोललात. मग त्यांचा गॅ-गॅ कलकलाट तेवढा ऐकू येत राहिला. माझा आठ वर्षांचा मुलगा बोटीच्या काठावर हनुवटी टेकून वीस मिनिटं गप्प होता. घरी कुणाला खरं वाटत नाही.

आईला उपासाच्या खिचडीचा डबा तुम्ही बोटीत उघडू दिला नाहीत, याचा तिला जरा रागच आला होता. परतताना तिवरांच्या वर आलेल्या मुळांत अडकलेल्या वेफर्सच्या पिशव्या दिसल्या आणि तो गेला. २०१५ साली अभयारण्य झालं, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव लागलं, तरी दोन्ही काठांवरून आम्ही शहरवाले कचरा सोडतोच. डबा जेट्टीवर उघडला. तुम्हीही दोन घास घेतलेत, तेव्हा कुठे तिचं समाधान झालं.

आता कालनिर्णयावर मी पेन्सिलीने भरतीच्या वेळा लिहिते. पक्षी परतायच्या आत बाबांनाही आणायचंय. येत्या शनिवारी द्वादशी आहे, म्हणजे नऊची भरती. बरोबर ना?