न वाचलेल्या पेपरबद्दल आभार

सोलापूर, २८ डिसेंबर

आदरणीय चाचा,

सप्रेम नमस्कार.

नाताळ होऊन तीन दिवस झाले. तुमच्या बेकरीच्या भट्टीत आम्ही भाजून घेतलेले अकराच्या अकरा केक संपले, टिन घासून गच्चीवर उन्हात पडलेत, तरी २३ तारखेच्या रात्रीचं तुमचं ते पेपरची घडी घालणं डोळ्यांसमोरून हलत नाही. तोंडावर आभार मानले तेव्हा तुम्ही "त्यात काय ताई" म्हणून हात झटकलात आणि पावाच्या पत्र्यांकडे वळलात. म्हणून गल्लीतल्या आम्ही सगळ्या बायका हे उघड लिहितोय. यात केकचं वजनमाप भरपूर येईल, कारण तुम्ही नेमकं काय वाचवलंत हे त्याशिवाय कळायचं नाही.

एका टिनाचा हिशेब असा. आठ इंची गोल टिन. बेदाणे २५० ग्रॅम, काळे मनुके १००, खजूर आणि सुकं अंजीर मिळून १५०. बेदाणे आपल्या पंढरपूर भागातले, चांगले टपोरे. पण सुकवताना त्यांना तेलाचं द्रावण आणि पिवळ्यांना गंधकाची धुरी दिलेली असते, म्हणून कोमट पाण्यात दोनदा चोळून धुवायचे आणि फडक्यावर पूर्ण कोरडे करायचे. मग १५० मिली संत्र्याचा रस उकळून, गरम असतानाच सगळ्या फळांवर ओतायचा आणि गार झाल्यावर भांडं फ्रिजमध्ये रात्रभर. रस कच्चाच घालून भांडं ओट्यावर ठेवलं तर आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात, डिसेंबर असला तरी, दुसऱ्या दिवशी फेस धरतो आणि आंबूस वास येतो. दारू न घालता करायचा केक आहे, तेव्हा ही काळजी जास्तच.

लोणी २०० ग्रॅम, ब्राऊन शुगर १७५, अंडी चार, मैदा २२५, बेकिंग पावडर अर्धा चमचा आणि त्याहून कणभरही जास्त नाही. दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ यांची पूड मिळून दोन चमचे. आणि रंगासाठी कॅरॅमल: १०० ग्रॅम साखर कोरडीच जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर. ती वितळून तांबूस होते, मग गडद तपकिरी, आणि कडेनं पहिला धूर उठला की आच बंद. इथे पाच सेकंदांचा खेळ असतो. आधी उतरवलं तर केक फिका, नंतर उतरवलं तर कडू. लगेच ८० मिली उकळतं पाणी, लांबून, हात बाजूला धरून. गार पाणी ओतलं तर साखर अंगावर उडते आणि कढईच्या बुडाशी दगडासारखी बसते.

हे सगळं आम्हाला येत होतं. अडत होतं ते पुढं, भाजण्यापाशी.

चाचा, तुमच्याआधी दोन ठिकाणी हात पोळले आहेत. नावं लिहीत नाही. एका क्लासमध्ये फी भरून केक शिकायला मिळाला तो "दोन कप मैदा, एक कप फळं" असा. कप कुठला, टिन किती इंची, केक आत किती वेळ, यातलं काही नाही. विचारलं तर "अंदाज येतो हळूहळू". दोन हजारांचा माल घालून अंदाज शिकायचा नसतो. आणि गेल्या वर्षी एका बेकरीत टिन दिले, तर त्यांनी ते पावाबरोबरच आत सारले. वरून कोळसा, कडा वाळलेल्या, मध्ये चमचा घातला तर ओलं पीठ. पैसे पूर्ण घेतले आणि वर सांगितलं, "तुमचंच मिश्रण बिघडलंय." मिश्रण बिघडलं नव्हतं. पाव दहा-बारा मिनिटांत होतो, त्याला धगधगती भट्टी लागते. फळांचा केक म्हणजे अर्धा किलो भिजलेली फळं पोटात घेतलेला जड गोळा. त्याला १५० अंशांच्या आसपास दोन तास लागतात. दोघांना एका आचेत बसवणं म्हणजे केक जाळणंच.

तुम्ही टिन हातात घेतलात, तळहातावर तोललात आणि एवढंच म्हणालात, "पहिले पाव, मग बिस्किट, मग नानखटाई. हे शेवटी. बसा निवांत."

मग तुम्ही जे केलंत ते आम्ही डोळे फाडून पाहिलं. नानखटाईचा शेवटचा पत्रा बाहेर आला, तुम्ही निखारे ओढून एका बाजूला केलेत, ओल्या गोणपाटानं फरशी पुसलीत आणि चिमूटभर मैदा आत टाकलात. तो लगेच काळा पडला. तुम्ही दार लावलंत. पंधरा मिनिटांनी पुन्हा चिमूट, पुन्हा काळा. तिसऱ्यांदा मैदा सावकाश बदामी झाला तेव्हा तुम्ही मान हलवलीत. लाकडाच्या भट्टीला काटा नसतो, पण विटांनी दिवसभर खाल्लेली उष्णता रात्रभर हळूहळू सुटत राहते. वरून, खालून, बाजूंनी सारखी, ज्वाळा नाही, भडका नाही. जड केकला याहून चांगली आच नाही. घरच्या ओव्हनमध्ये कॉइल तापते, विझते, पुन्हा तापते, आणि एका वेळी एकच टिन बसतो.

आता ते पेपरचं.

आमच्या टिनांना आतून बटर पेपरचे दोन थर होते. आम्हाला वाटलं पुरे. तुम्ही बोट लावून म्हणालात, "आतून झालं, बाहेरून?" आणि रद्दीचा गठ्ठा ओढलात. एकेक टिन घेऊन पेपरची चार पदरी पट्टी, टिनाच्या काठापेक्षा दोन बोटं उंच, भोवती गुंडाळून सुतळीची गाठ. वर पाण्याचा हात. पत्रा उष्णता पटकन आत पोचवतो, त्यामुळे कडेचं मिश्रण आधी घट्ट होतं, मध्यावरचं ओलं राहतं आणि जागा मिळेल तिथून वर फुगतं. मग केकला टेकाड येतं आणि ते फाटतं. कागदानं कडेची आच थोपवली की कडा आणि मध्य बरोबरीनं चढतात, माथा सपाट राहतो. कागद पेटेल अशी भीती आम्हाला होती, पण त्याला साधारण २३० अंश लागतात आणि तुमची भट्टी तोवर खूप खाली आली होती.

दहा टिन झाले आणि रद्दी संपली. अकरावा टिन आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या सुनेचा, तिचा पहिलाच केक. ती म्हणाली, "चाचा, राहू दे, हा तसाच जाऊ द्या." तुम्ही गल्ल्यामागच्या खिळ्याला लावलेला त्या दिवशीचा पेपर काढलात. त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. पहाटे चारपासून भट्टीपुढे उभा असलेला माणूस रात्री निवांत बसून वाचणार म्हणून ठेवलेला पेपर. तुम्ही तो मधून फाडलात, चार पदर केलेत आणि त्या टिनाभोवती बांधलात. काही बोलला नाहीत. सुतळीची गाठ दोनदा ओढून पाहिलीत, बस.

आम्हाला दोन तासांची जागा दिलीत, त्याचे आभार आहेतच. सरपण तुमचं होतं, झोप तुमची गेली, तेही आहे. पण त्या पेपरनं जे केलं ते वेगळंच. दुसऱ्याच्या कामाला आपलं काम समजणारी माणसं असतात म्हणून या शहरात एकाच्या भट्टीत दुसऱ्याचा सण भाजला जातो. दिवाळीत नानखटाईचे पत्रे घेऊन बायका तुमच्याकडेच येतात, ईदला वेगळी गर्दी असते, आणि तुम्ही सगळ्यांना त्याच स्टुलावर बसवता. असा माणूस रोजच्या रस्त्यावर आहे हे माहीत असलं की घरी परतताना पाय हलके पडतात.

एक तासानं तुम्ही टिनांवर बटर पेपर झाकलात, मध्ये रुपयाएवढं भोक पाडून, वाफ निघायला. दोन तासांनी विणकामाची सुई मध्ये खुपसून दाखवलीत: कोरडी. आणि टिन आमच्या हातात देताना बजावलंत की उलटे करू नका, टिनातच गार होऊ द्या. गरम केक काढला असता तर फळांच्या वजनानं तिथंच मोडला असता. दुसऱ्या दिवशी कापला तेव्हा फळं वरपासून खालपर्यंत सारखी होती. फळं निथळून त्यांना वजन केलेल्या मैद्यातलाच दोन चमचे मैदा चोळला होता, अंडी फ्रिजमधून तासभर आधी काढली होती आणि एकेक करून घातली होती, म्हणून मिश्रण फाटलं नाही. तेवढं आमचं श्रेय. बाकी तुमचं.

या पत्रासोबत कुलकुलचा, म्हणजे नाताळच्या तळलेल्या गोड खाऊचा, डबा आहे. यात अंडं नाही. अर्धा किलो मैदा, १०० ग्रॅम बारीक रवा, १०० ग्रॅम पिठीसाखर, ५० ग्रॅम तुपाचं कडकडीत मोहन आणि मावेल तसं दूध. सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळलेली. शेवटची कड नीट चिकटवलीये, नाहीतर तेलात शिंपल्यासारखे उघडतात. मंद आचेवर तळलेत, पंधरा दिवस कुरकुरीत राहतील. डब्याचं झाकण मात्र भट्टीजवळ उघडं ठेवू नका.

आणि तुमच्या दारावर २४ तारखेला आम्ही टांगलेली चांदणी. ती तुम्हीच ठेवायची आहे, तेव्हा तिची माहिती असू द्या. बांबूच्या ६० सेंटिमीटरच्या दहा काड्या आहेत, पाच पुढच्या आणि पाच मागच्या. प्रत्येक काडी टोकापासून २३ सेंटिमीटरवर दुसरीला छेदते, तिथं दोऱ्याची गाठ आहे. ही मापं चुकली की एक टोक लांब, एक आखूड होतं आणि चांदणी लंगडी दिसते. दोन्ही चांदण्यांची टोकं एकत्र बांधून मधल्या पाच कोपऱ्यांत १२ सेंटिमीटरचे टेकू घातलेत, त्यानं पोट आलंय. कागद पतंगाचा, लाल आणि पिवळा, पातळ खळीनं चिकटवलेला. खळीत लोक मोरचूद घालतात, झुरळं लागू नयेत म्हणून. आम्ही घातलेलं नाही, ते विष आहे आणि बेकरीच्या दारात नको. त्यामुळे ६ जानेवारीनंतर, नाताळचे दिवस संपले की, ती उतरवून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. कागद सैल पडला तर पाण्याचा हलका फवारा मारा, वाळताना ताणून बसतो. दिवा मागच्या खालच्या फटीतून बसवलाय, ५ वॅटचा एलईडी. तो गेला तर तसलाच आणा. जुना पिवळा बल्ब लावला तर कागद तपकिरी पडतो आणि पेटायचीही भीती.

३० तारखेला नव्या वर्षासाठी आणखी चार टिन घेऊन येतोय, नानखटाई उतरल्यावर. रद्दी आम्ही आणू, सुतळीही. तुमचा पेपर त्या दिवशी खिळ्यालाच राहू द्या.

आपल्या,
गल्लीतल्या सगळ्याजणी