ज्या थरथरीची धास्ती घेतली होती, तिच्यावरच मला उभं करणाऱ्या मॅडमना

फिजिओ मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुमच्या खोलीत पहिल्यांदा आलो, कोपऱ्यातलं ते कंपन देणारं यंत्र पाहिलं आणि दारातूनच मागे वळलो होतो, आठवतं का? २१ वर्षं ट्रक चालवतोय. सीटखालच्या हादऱ्यांनीच माझी कंबर गेली, असं आधीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यावर उपाय म्हणून आणखी हादरे कोण घेईल? तुम्ही अडवलं नाहीत, समजूतही घातली नाहीत. "बसायला त्रास होत असेल तर उभ्यानेच सांगा," म्हणालात. त्याआधी मला असं कुणी विचारलंच नव्हतं. पट्टा बांधा, तीन आठवडे झोपून राहा, एवढंच ऐकून आलो होतो. झोपून राहिलो, तर पाठ लाकडासारखी झाली.

तुम्ही ऐकून घेतलंत आणि मग कागदावर कणा काढून दाखवलात. बसलेल्या माणसाच्या कमरेला स्वतःची एक लय असते, सेकंदाला साधारण ४ ते ६ हेलकाव्यांची. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या सीटमधून येणारे हादरे बरेचदा त्याच लयीत येतात. झोका नेमक्या वेळी ढकलला की उंच जातो, तसा तो हादरा कण्यात वाढत जातो. शिवाय आम्ही बसलेले, त्यामुळे पायांना तो झेलता येत नाही, आणि हे चालतं तासन्‌तास. इतकी वर्षं गाडी हातात होती, पण कमरेत काय चाललंय हे मला त्या कागदावर कळलं.

तुमच्या त्या यंत्राच्या, उभं राहायच्या फळीचं गणित वेगळं होतं. ती मध्यावर टेकलेली, एक पाय वर गेला की दुसरा खाली. सेकंदाला १२ कंपनांपासून सुरुवात, पुढे १८. एका वेळी एक मिनिट, मग तेवढीच विश्रांती. गुडघे किंचित वाकलेले, भार चवड्यांवर, म्हणजे कंप पोटऱ्या-मांड्यांतच बराचसा जिरतो आणि डोक्यापर्यंत फारसा पोचत नाही. प्रत्येक हेलकाव्याला स्नायू जरासा ताणला जातो आणि आपोआप आकसतो. कमरेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू आळीपाळीने कामाला लागतात. भीतीने मी जे स्नायू हलवतच नव्हतो, ते माझ्या परवानगीशिवाय कामाला लागले. (पहिल्या दिवशी पोटऱ्यांना खाज सुटली होती, आणि रक्त खेळतंय म्हणून तसं होतं, घाबरू नका, असं तुम्ही मी विचारायच्या आधीच सांगितलंत.)

फळीवर पाय ठेवण्याआधी मात्र तुम्ही मला कितीतरी प्रश्न विचारलेत. मूतखडा आहे का, पित्ताशयात खडे आहेत का, पायात रक्ताची गाठ झाली होती का, पेसमेकर, फिट, डोळ्याच्या पडद्याचा त्रास, नुकतं ऑपरेशन. लघवी-शौचावरचा ताबा सुटला का, बैठकीची जागा बधिर होते का, पाय लुळा पडतो का. यातलं शेवटचं काही असतं तर मला फळीवर नाही, तडक दवाखान्यात पाठवणार होतात. तेव्हा मी वैतागलो होतो. आता ओळखीच्या कुणाची कंबर धरली की पहिले हेच प्रश्न मी विचारतो.

पण हे पत्र लिहायचं कारण याहून वेगळं आहे. "याने नक्की बरं वाटेल ना?" असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही "हो" म्हणून मोकळ्या होऊ शकला असतात. त्याऐवजी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन चाचणीबद्दल सांगितलंत. जुन्या कंबरदुखीचे ६० रुग्ण, काही जण कंपनाच्या फळीवर, बाकीचे पाठीच्या स्नायूंच्या व्यायामाला, तीन महिन्यांत १८ सत्रं. दोन्हीकडे दुखणं कमी झालं, आणि दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नव्हता. "म्हणजे यंत्राशिवायही जमेल. व्यायामाची भीती वाटतेय तोवर फळी वापरू," म्हणालात. ज्या खोलीत ते यंत्र उभं होतं त्याच खोलीत तुम्ही हे सांगितलंत. माझा विश्वास त्या वाक्यावर बसला, यंत्रावर नाही.

पुढे बरं वाटायला लागल्यावर घरी तसंच एक यंत्र घ्यायचं माझ्या डोक्यात आलं, तेव्हाही तुम्ही थांबवलंत. सातव्या आठवड्यात फळी बंदच ठेवलीत आणि तिच्यासमोर जमिनीवर मला तसंच उभं केलंत, गुडघे वाकवून, पोट हलकेच आत घेऊन. मला वाटलं होतं कंप नसेल तर कंबर पुन्हा धरेल. नाही धरली. त्या दिवशी घरी जाऊन उभ्याउभ्या, भिंतीला न टेकता मोजे घातले. आठ महिन्यांत पहिल्यांदा. बायको दारात उभी राहून बघत होती, काही बोलली नाही.

दुखणं पार गेलंय असं लिहिलं तर ते तुम्हालाच आवडणार नाही. लांबची फेरी झाली की उजवीकडे अजून कळ येते. पण तिचं आता काय करायचं ते कळतं. दोन तासांनी गाडी बाजूला घेतो, चालतो. मागच्या खिशात पाकीट ठेवत नाही. सीटखाली वजनाचं बटण असतं, ते मी २१ वर्षांत कधी फिरवलं नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून पाहिलं, तर ते माझ्याहून निम्म्या वजनाच्या माणसासाठी लावलेलं होतं. आणि केबिनमधून उडी मारणं बंद केलंय. गाडीकडे तोंड करून, दांडी धरून, पायरी-पायरीने उतरतो. तासन्‌तास बसून आखडलेल्या कमरेवर उडीचा दणका किती बसतो हे तुम्ही सांगेपर्यंत लक्षातच आलं नव्हतं.

मॅडम, मनापासून आभार. पुढच्या आठवड्यात माझ्या क्लीनरला तुमच्याकडे पाठवतोय. पोरगा २४ वर्षांचा आहे, सकाळी उठताना कमरेला हात लावतो आणि अजून वरून उडी मारतो. त्यालाही तो कागद काढून दाखवा.

आपला,
तुमचा उलट्या पावली निघालेला पेशंट