शंटवाल्या पोराची उलटी म्हणजे पोटच बिघडलंय असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आम्ही घणसोलीला राहतो. मुलगा 4 वर्षांचा, जन्मापासून हायड्रोसेफॅलस, म्हणजे डोक्यात पाणी साठतं, त्यासाठी 3 महिन्यांचा असतानाच व्हीपी शंट टाकलाय, तेच पाणी कातडीखालच्या नळीतून पोटात सोडतात तो.

गेल्या पावसाळ्यात सकाळी उठल्या उठल्या उलट्या सुरू झाल्या. जुलाब नाहीत, ताप नाही, नुसतं डोकं धरून "आई लाईट बंद कर". रात्री जवळच्या हॉस्पिटलात नेलं (नाव नको), तर सध्या व्हायरल चाललंय म्हणून उलटीचं सिरप दिलं. शंट आहे सांगितलं तर कानामागचा शंटचा फुगवटा बोटाने दोनदा दाबला आणि म्हणे दबतोय ना, मग चालू आहे. आमच्या सर्जननी नंतर सांगितलं की या दाबून बघण्यावर अजिबात भरवसा ठेवता येत नाही. मी म्हटलं हा असा पेंगत नाही कधी, तर "आई लोक घाबरतातच हो". अहो, शंटमधला तो गाजलेला होल्टर व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने सोडणारी झडप, 1956 मध्ये अमेरिकेत जॉन होल्टर नावाच्या एका बापानेच स्वतःच्या पोरासाठी बनवला होता, डॉक्टर नव्हता तो!

दुसऱ्या दिवशी दुपारी हाका मारल्या तरी पोरगं डोळे उघडेना, तसंच उचलून ऐरोली पुलावरून मुंबई गाठली. एक्सरेत दिसलं, मानेत नळीचे दोन तुकडे, मधे बोटभर फट. त्याच रात्री ऑपरेशन झालं. डोक्यापासून पोटापर्यंतचा हा साधा एक्सरे आदल्या रात्री आमच्या इथेच निघाला असता की.

लहान मुलांचे साधारण निम्मे शंट पहिल्या 2 वर्षांतच कधीतरी बिघडतात, म्हणजे हे काही आक्रीत नाही. नळी चोंदते, तुटते, आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ताप आला किंवा टाक्यांजवळ, नळीवर लाली दिसली तर इन्फेक्शनचा संशय आधी घ्यावा लागतो. सीटी स्कॅन ठीक आला म्हणून पण निश्चिंत व्हायचं नाही, काही मुलांत शंट बंद पडूनही सीटीत फरक दिसत नाही.

ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही पालिकांनी आपल्या कॅज्युअल्टीत एवढं एक वाक्य लावावं: शंटवालं मूल उलट्या करत असेल किंवा पेंगत असेल तर आधी न्यूरोसर्जनला फोन. घरच्यांनी जुन्या सीटीची फिल्म हाताशी ठेवा, तुलनेला तीच लागते. त्या रात्री आमची माळ्यावर होती, आता दारामागच्या खिळ्याला लटकवलीय, दुधाच्या पिशव्या कापून शिवलेल्या कव्हरात.

– एक आई, घणसोली