चौतिसांच्या पलीकडचं घोडं

लिव्हरपूल
14 एप्रिल 2025

तीर्थरूप आजोबांस मुक्ताचा शिरसाष्टांग नमस्कार.

आमच्या पागेतलं घोडं यंदा इथल्या ग्रँड नॅशनल या मोठ्या शर्यतीत उतरू शकलं नाही, तेव्हा परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "घोडं धडधाकट होतं, नाव दिलेलं होतं, मग पळू का दिलं नाही?" मी तेव्हा वॉर्डात होते, धड उत्तर देता आलं नाही. आज सुट्टी आहे म्हणून सविस्तर लिहिते. काकांकडून पत्राचा फोटो काढून सोलापूरच्या आत्यालाही पाठवा, तीही विचारत होती.

मी रविवारी जाते ती पागा लहान आहे, बारा घोड्यांची. घरमालकिणीचा भाऊ, तोच ट्रेनर, आणि त्याची मुलगी दोघंच सगळं बघतात. त्यांचा एक दहा वर्षांचा कुमाईत, म्हणजे तांबूस-तपकिरी घोडा आहे, कपाळावर बोटभर पांढरा टिळा. पहाटे दौडून आला की पाठीतून वाफ निघते, आणि खरारा मानेकडून खांद्यावर आला की तो खालचा ओठ लोंबकळत सोडून डोळे मिटतो. वाड्यातल्या पागेतल्या जनावरांचं तुम्ही सांगायचात ना, अगदी तसंच. त्याला ग्रँड नॅशनलमध्ये उतरवायचं म्हणून दोन वर्षं तयारी चालली होती.

ही शर्यत इथे एन्ट्री (Aintree) नावाच्या मैदानावर 1839 पासून होते. सात किलोमीटरला थोडं कमी अंतर आणि वाटेत 30 उड्या, म्हणजे उडी मारून ओलांडायचे अडथळे. घोडं निदान 7 वर्षांचं हवं, लांब पल्ल्याच्या शर्यतीत आधी पहिल्या चारांत आलेलं हवं. हे नियम मला पटतात. पूर्वी फार मोकाट कारभार होता. 1928 मध्ये 42 घोडी सुटली आणि शेवटपर्यंत दोनच पोचली, त्यातलं दुसरं पडून पुन्हा स्वार होऊन आलेलं. पुढच्याच वर्षी 66 घोडी सोडली! हल्ली कित्येक वर्षं 40 ची मर्यादा होती, ती 2024 पासून 34 वर आणली. पहिली उडी सुरुवातीच्या रेषेकडे 60 यार्डांनी सरकवली, म्हणजे घोडी भरधाव वेगात तिच्यावर आदळू नयेत. त्या वर्षी एकही घोडं पडलं नाही. यंदा मात्र एक 13 वर्षांचं घोडं शर्यत संपता संपता कोसळलं आणि तीन दिवसांनी गेलं. त्या दिवशी पागेत कोणी कोणाशी बोललं नाही. म्हणून गर्दी कमी केली याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही.

माझं दुखणं वेगळं आहे. प्रत्येक घोड्याच्या आधीच्या कामगिरीवरून त्याला एक आकडा देतात, त्याला रेटिंग म्हणतात. ज्याचा आकडा मोठा त्याच्या पाठीवर वजन जास्त, वरच्याला स्वार आणि खोगीर धरून सुमारे 75 किलो. खालच्यांना हलकं. हेतू हा, की जोरदार आणि बेताच्या घोड्याला जिंकायची संधी सारखी मिळावी. किती न्यायाची गोष्ट! पण आत कोण येणार हेही त्याच आकड्यावर ठरतं, वरून मोजत 34 झाले की दार बंद. म्हणजे 40 चे 34 केले तेव्हा ज्या सहा जागा गेल्या त्या सगळ्या तळच्या. ज्यांच्यासाठी हलक्या वजनाची सोय केली, तीच बाहेर. आपला कुमाईत गुरुवारी शेवटची नावं पक्की झाली तेव्हा तीन घोड्यांच्या फरकाने राहिला. मुलगी बादली घेऊन त्याच्या दाराशी उभी होती, ती तशीच बराच वेळ उभी राहिली.

आणि आत कोण गेलं? यंदा पहिली तिन्ही घोडी आयर्लंडच्या विली मलिन्स यांच्या पागेतली. पाचवं आणि सातवंही त्यांचंच. जिंकलेल्या निक रॉकेटवर त्यांचा मुलगा पॅट्रिक होता. बाप कॅमेऱ्यासमोर रडला, ते बघून माझेही डोळे भरले. त्या माणसाच्या मेहनतीला मी नावं ठेवत नाही. पण एका पागेने किती घोडी उतरवावीत याला काही हद्द नको का?

हेच मी ट्रेनरला म्हटलं, तर तो माझ्यावरच उखडला. म्हणाला, घोडी मालकांची असतात, पागेची नाहीत. एखाद्याने आपलं घोडं चांगल्या माणसाकडे ठेवलं, त्यात त्याचा काय गुन्हा? बोलणं खरं आहे. मी दोन दिवस त्यावर विचार केला. तरी मला वाटतं, 34 पैकी चार जागा तरी लांब पल्ल्याच्या ठराविक शर्यती जिंकणाऱ्यांना द्याव्यात, मग त्यांचा आकडा कितीही असो. 1967 मध्ये फॉइनाव्हन नावाचं घोडं होतं, पैजेचा भाव एकास शंभर, म्हणजे जिंकायची आशा जवळपास नाहीच, पाठीवर सगळ्यांत कमी वजन. तेविसाव्या उडीपाशी पुढची घोडी एकमेकांवर आदळून सगळा खोळंबा झाला. हे मागून आलं, वाट काढून उडी मारली आणि जिंकलं. आजच्या नियमात ते आत आलं असतं असं मला वाटत नाही.

आजोबा, तुम्हाला आठवतं का, आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गणेशोत्सवात एकांकिकांना आठच जागा असायच्या, आणि एक मोठं मंडळ तीन-तीन नाटकं घालायचं? आम्ही मुलांनी बसवलेलं दोन वर्षं परत आलं. तेव्हा तुम्ही धोतर सावरत समितीपुढे जाऊन बसलात आणि "एका मंडळाचं एकच" हा नियम करून घेतल्याशिवाय उठला नाहीत. फोनवर म्हणालात, "ज्याचं घोडं पळेल त्याची शर्यत." मग तेव्हा ज्याचं नाटक रंगेल त्याचा गणपती, असं का नाही म्हणालात? रागावू नका. मला तुमचं खरं मत हवंय, कारण ट्रेनरशी माझा वाद अजून मिटलेला नाही.

गुडघ्याला तेल लावून घेता ना? महाराज बाड्याच्या चौकापर्यंत एकटे जाऊ नका, उन्हं वाढली असतील. आणि माळ्यावरच्या पेटीत पणजोबांचा खरारा आहे, त्याचा फोटो काकांना पाठवायला सांगा. पागेतल्या मुलीला मी त्याच्याबद्दल सांगितलंय, तिला बघायचा आहे.

तुमची नात,
मुक्ता