स्पीकर जोडून झाला, पुढचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला घरच्या घरी ऑडिओ सिस्टीम कशी बनवावी हा लेख वाचला. मराठी पेपरात या विषयाला पूर्ण पान मिळालं याचा आनंद झालाच. पण लेखाचा पाऊण भाग अँप (अँप्लिफायर) कुठला, वायर कुठली, कॅपॅसिटर कुठला यातच गेला, आणि सगळं जोडून झाल्यावर काय करायचं यावर एकच वाक्य आहे की घुंघुं आवाज येत असेल तर अँपच्या प्लगची अर्थची (अर्थिंगची) पिन काढून बघा. हे वाक्य अत्यंत धोक्याचं आहे, आणि त्याची दुरुस्ती पुढच्याच अंकात ठळक चौकटीत छापा अशी माझी कळकळीची विनंती आहे. धातूच्या कॅबिनेटला अर्थ जोडलेली असते ती आत कुठे फेज कॅबिनेटला टेकली तर फ्यूज उडावा म्हणून, ती काढली तर हा घुंघुं आवाज, म्हणजे हम, कदाचित जाईल पण मग पूर्ण कॅबिनेट लाइव्ह होऊ शकतं आणि हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.

हमचा उपाय वेगळा आहे आणि तो अवघड पण नाही. आधी अँपच्या सगळ्या इनपुट केबल काढा आणि इनपुट शॉर्ट करून (त्याची सिग्नलची पिन आणि ग्राउंड एकमेकांना जोडून) ऐका. आवाज तसाच राहिला तर दोष अँपच्या आत आहे, गेला तर तो बहुतेक ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थमधून फिरणारा करंट. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे लूपचा किंवा ट्रान्सफॉर्मरमधून शिरलेला हम मुख्यतः ५० ला असतो, आणि रेक्टिफायरनंतरच्या (एसीचा डीसी करणाऱ्या भागानंतरच्या) पॉवर सप्लायमधला १०० ला, तो जरा करकरीत लागतो. कानाला फरक कळला नाही तरी मोबाईलवरच्या स्पेक्ट्रम ॲपमध्ये (आवाजातल्या फ्रिक्वेन्सी दाखवणाऱ्या) सरळ दिसतो. १०० असेल तर ग्राउंडच्या वायरी एका बिंदूला आणून जोडा, फिल्टर कॅपॅसिटरमधून येणारी वायर सिग्नल ग्राउंडपासून लांब ठेवा. लूप असेल तर सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा, तरी नाही गेला तर सिग्नलच्या लाइनमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, तो सिग्नल पुढे नेतो पण लूप तोडतो. अर्थला हात लावायची वेळच येत नाही.

आणि नवीन अँप पहिल्यांदा चालू करताना तो थेट सॉकेटला लावू नका, सिरीज बल्बवर, म्हणजे विजेच्या वाटेत एक फिलामेंटचा बल्ब ओळीने जोडून लावा. बल्ब एकदा भगकन पेटतो, कॅपॅसिटर चार्ज होतात आणि मग तो विझत जातो, असं झालं तर ठीक, पण बल्ब पूर्ण प्रकाशात तसाच पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. मग मल्टीमीटरने आउटपुटला डीसी बघा, काही मिलिव्होल्ट चालेल पण व्होल्टमध्ये आकडा आला तर स्पीकर जोडायचा नाही, त्याची व्हॉइस कॉइल (आतली तारेची गुंडाळी) जळेल. बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक असतो, तो रेझिस्टर लावून उतरवल्याशिवाय आत हात घालायचा नाही. व्हॉल्व्हच्या (काचेच्या ट्यूबच्या) अँपमध्ये तर हे व्होल्टेज शेकडो व्होल्ट असतं. लेखात हे सगळं यायला हवं होतं.

आता बॉक्सकडे येते. लेखात मोठा बॉक्स म्हणजे जास्त बास असं ठोकून दिलंय, पण इतकं सोपं ते नाही. अमेरिकन संशोधक एडगर व्हिलचर यांनी १९५४ साली बंद, छोट्या डब्यातून खोल बास काढून दाखवला, डब्यातल्या हवेलाच स्प्रिंगसारखं वापरून, फक्त त्याची किंमत सेन्सिटिव्हिटीत मोजावी लागते म्हणजे तेवढ्याच आवाजाला जास्त वॅट लागतात. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतरच्या दशकात जे गणित मांडलं त्यावरूनच आज कुठल्याही ड्रायव्हरच्या (डब्यात बसवायच्या स्पीकर युनिटच्या) डेटाशीटवर एफएस (त्याची नैसर्गिक फ्रिक्वेन्सी), क्यूटीएस (त्याची हालचाल किती आवरली जाते), व्हीएएस (त्याच्या लवचिकतेइतकी हवा किती लिटर) हे आकडे येतात. फुकट सॉफ्टवेअरमध्ये ते टाकले की किती लिटरचा बॉक्स, पोर्ट (हवेची नळी) हवा की नको, पोर्ट असला तर किती लांब, हे करवत हातात घ्यायच्या आधीच कळतं. क्यूटीएस साधारण ०.३ ते ०.४ असेल तर पोर्टला ड्रायव्हर चांगला, त्याच्या बराच वर असेल तर बंद बॉक्स बरा. पोर्टवाल्यात एक लक्षात ठेवायचं की पोर्ट ज्या फ्रिक्वेन्सीला जुळवलाय त्या ट्यूनिंगच्या खाली कोनला (ड्रायव्हरच्या हलणाऱ्या पडद्याला) आवरायला हवा उरत नाही, तिथे आवाज मोठा केला की कोन बेफाम हलतो, म्हणून तेवढ्या खालचे स्वर अडवणारा हाय-पास फिल्टर लावा.

माझा खरा आक्षेप क्रॉसओव्हरवर, म्हणजे खालचे स्वर मोठ्या ड्रायव्हरला आणि वरचे छोट्याला (ट्विटरला) वाटून देणाऱ्या सर्किटवर आहे. तयार बोर्ड आणा आणि जोडा असं लेखात म्हटलंय. तयार बोर्ड बनवणारा असं धरून चालतो की समोर शुद्ध ८ ओहम आहे, पण ८ ओहमचा ड्रायव्हर रेझोनन्सला (स्वतःच्या नैसर्गिक फ्रिक्वेन्सीला) ३०-४० ओहमवर जातो आणि वरच्या टोकाला कॉइलच्या इंडक्टन्समुळे परत चढत जातो, म्हणजे बोर्डवर ३००० हर्ट्झ लिहिलंय म्हणून फिल्टर तिथेच कापेल असं अजिबात नाही. शिवाय बॅफलची (डब्याच्या समोरच्या फळीची) रुंदी त्या बोर्डला कुठे माहितीये? साधारण २३ सेंटीमीटर रुंदीच्या बॅफलला ५०० हर्ट्झच्या आसपासपासून खाली आवाज डब्याला वळसा घालून मागे जायला लागतो आणि पुढे ६ डेसिबलपर्यंत कमी पडतो, ती भरपाई क्रॉसओव्हरमध्येच करावी लागते. ती नसली की आवाज पातळ आणि टोचणारा लागतो, आणि मग माणसं महागडा ट्विटर आणायला धावतात.

क्रॉसओव्हर बरोबर जुळला की नाही हे बघायची एक पद्धत सांगते कारण ती करून बघितली की सगळी भीतीच जाते. २४ डेसिबलचा लिंकविट्झ-रायली (हा क्रॉसओव्हरचाच एक प्रकार) फिल्टर असेल तर ट्विटरच्या दोन वायरी मुद्दाम उलट्या जोडा आणि माईक समोर ठेवून मोजा, क्रॉसओव्हरच्या जागी ग्राफमध्ये खोल खड्डा पडला पाहिजे. जितका खोल आणि दोन्ही बाजूंनी सारखा, तितके दोन्ही ड्रायव्हर त्या जागी एका तालात चाललेत. खड्डा उथळ असेल किंवा एका बाजूला कलला असेल तर कॅपॅसिटर-कॉइलच्या व्हॅल्यू बदलत राहायचं, आणि जमलं की वायरी परत सरळ करायच्या. आणि हो, बोर्डवर दोन कॉइल शेजारी-शेजारी एकाच दिशेत चिकटवू नका, लांब ठेवा आणि एकमेकींना काटकोनात फिरवा, नाहीतर एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरतं.

वायरवर मात्र लेखात अख्खा कॉलम आहे. २.५ चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या वायरचा पाच मीटर अंतराला जाऊन-येऊन रेझिस्टन्स ०.०७ ओहम येतो, ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो एक टक्का पण नाही. विषय संपला.

उरली खोली, तिच्याबद्दल तर लेखात अवाक्षर नाही. ५ मीटर लांबीच्या खोलीत ३४ हर्ट्झला लाट समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अडकते, भिंतीपाशी बास धमाधम आणि बरोबर मध्यावर बसलं तर गायब. मागच्या भिंतीपासून स्पीकर ८५ सेंटीमीटरवर असला तर परत येणारी लाट १०० हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खोडते, स्पीकर पुढेमागे सरकवला की तो खड्डा पण सरकतो. म्हणजे जागा बदलणं हेच सगळ्यात स्वस्त ट्यूनिंग. सबवूफर कुठे ठेवावा कळत नसेल तर तो आपल्या बसायच्या जागी खुर्चीवर ठेवा, संथ बास गाणं लावा आणि आपण भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत जा, जिथे बासचा प्रत्येक स्वर सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल ती त्याची जागा. घरातले काय म्हणतील याचा विचार करू नका, हे काम करतं.

मग माईक आणि खोलीतला आवाज मोजणारं रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर, ते फुकट आहे. ग्राफमध्ये वर आलेले डोंगर ईक्यूने (इक्वलायझरने) कापा, खड्डे भरायच्या मागे लागू नका. १० डेसिबल वर न्यायला दहापट वॅट लागतात आणि भिंतीवरून परत आलेली लाटही तेवढीच वाढते, खड्डा आहे तिथेच राहतो. भिंतीला पातळ फोम चिकटवून बास सुधारत नाही, ५० हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटरची आहे, तिला दोन इंची फोमचं काय! त्याने फक्त वरचे स्वर मरतात आणि खोली कोंदट होते. बसायच्या जागी ग्राफ एकदम सपाट करायचा हट्टही नको, खालच्या स्वरांकडून वरच्या स्वरांकडे हळूहळू उतरत जाणारा ग्राफ कानाला बरा वाटतो. ध्वनितज्ज्ञ फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले तेव्हा बहुतेकांची पसंती समोरून सपाट आणि बाजूंनीही सुरळीत आवाज देणाऱ्या स्पीकरलाच होती. नाव आणि किंमत दिसत नसताना, हे महत्त्वाचं.

दोन स्पीकर किंवा दोन अँप ताडून बघताना आवाज आधी सारखा करून घ्या, कानाच्या अंदाजाने नको, टर्मिनलला मल्टीमीटर लावून, व्होल्टेज एक टक्क्याच्या आत जुळलं पाहिजे. जरासा मोठा असलेला नेहमीच चांगला वाटतो. आणि परीक्षेला ओळखीचा माणसाचा आवाज घ्या, डब्याचा घुमारा बोलण्यात लगेच पकडला जातो.

संपादकसाहेब, तुमच्याकडे तयार स्पीकरची परीक्षणं नेहमी येतात आणि त्यात आवाज मधाळ, बास दमदार एवढंच असतं. यापुढे प्रत्येक परीक्षणासोबत समोरून आणि बाजूने मोजलेला ग्राफ आणि इम्पिडन्सचा (फ्रिक्वेन्सीनुसार बदलणाऱ्या ओहमचा) ग्राफ छापा, चार बोटं जागा लागेल. स्वतः बनवणाऱ्यांना त्यावरून शिकता येईल आणि विकत घेणाऱ्यांनाही दुकानदाराला काय विचारायचं ते कळेल.

आपली,
एक नियमित वाचक