अडतीच्या गादीवर बसण्याआधी

वाई, जि. सातारा

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावाने सलाम आणि अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून तू सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीसाठी, म्हणजे शेतकऱ्यांची हळद कमिशनवर विकून द्यायला, स्वतःच्या गाळ्यावर बसशील. आईने बायबलमधलं स्तोत्र १५ फ्रेम करून दिलं आहे, ते गल्ल्याच्या वर नको, काट्यासमोर लाव. पाचच ओव्या आहेत, सौदे सुरू होण्याआधी मोठ्याने वाचायला मिनिटभर पुरे. परमेश्वराच्या मंडपात कोण राहील, हा त्यातला प्रश्न. उत्तरात येतो तो मनापासून खरं बोलणारा, दिलेला शब्द तोटा सोसूनही पाळणारा, व्याजाने पैसा न लावणारा, लाच न खाणारा माणूस. अडत्याचा सगळा दिवस यात आला.

आता काटा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी आणि मुद्रा (तपासल्याचा सरकारी शिक्का) दर बारा महिन्यांनी वैधमापन खात्याकडून करून घ्यावी लागते. पण वर्षातून एकदा मुद्रा झाली म्हणजे काटा वर्षभर खरा राहिला असं नाही. वीस किलोचं मुद्रांकित वजन गाळ्यात ठेव. रोज सकाळी ते फळीच्या मध्यावर आणि मग चारही कोपऱ्यांवर ठेवून आकडा बघ. एका कोपऱ्यात फरक आला तर बहुधा फळी तिरकी बसलेली असते, नाहीतर खाली माती-हळकुंडाचा तुकडा अडकलेला असतो. साफ करूनही फरक राहिला तर त्या दिवशी त्या काट्यावर तोलू नकोस, शेजारच्या गाळ्याचा काटा माग. आकड्याची पाटी शेतकऱ्याकडे तोंड करून ठेव.

बायबलच्या अनुवाद या पुस्तकात २५:१३ मध्ये पिशवीत दोन तऱ्हेची वजनं ठेवू नकोस असं सांगितलं आहे. आज पिशवीत दोन दगड कोणी ठेवत नाही. दुसरं वजन आता बारदानात (रिकाम्या पोत्यात), कडत्यात (तुटीच्या नावाने वजनात धरलेल्या कपातीत) आणि वानगीत (नमुन्यात) लपलेलं असतं. बारदानाचं वजन अंदाजाने धरू नकोस. त्याच गाडीची दहा रिकामी पोती एकदम तोल, दहाने भाग आणि ते ग्रॅमसकट पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशोबाच्या चिठ्ठीवर, लिही. पोत्यामागे दोनशे ग्रॅम जास्त धरले तर साठ पोत्यांत बारा किलो गेले. क्विंटलला चौदा हजार भाव धरला तर शेतकऱ्याचे १,६८० रुपये झाले. त्याच्या ते लक्षातही येणार नाही. म्हणून तर हे पाप सोपं आहे. वानगी काढलीस की ती सौदा झाल्यावर पोत्यात परत टाक. खरेदीदाराने ठेवून घेतली तर तोलून त्याच्याच नावावर लिही. वरच्या थरातली निवडक हळकुंडं काढून ती वानगी म्हणून दाखवायची नाहीत. पोत्याच्या तळापर्यंत बंबी (नमुना काढायची पोकळ सळई) घाल आणि गड्डा, कणी (तुकडे), जे निघेल ते दाखव. खरेदीदारही तुझा शेजारीच आहे.

चूक झाली तर? होईलच. लेवीय ६:५ मध्ये मूळ रक्कम पुरी आणि वर तिचा पाचवा हिस्सा भरून द्यायला सांगितलं आहे, म्हणजे वरच्या हिशोबात १,६८० अधिक ३३६, एकूण २,०१६ रुपये. पुढच्या पट्टीत गुपचूप वळते करू नकोस. चूक कळली त्याच दिवशी शेतकऱ्याला फोन कर, कारण सांग, पैसे दे. बायबलमधल्या जकातदार जक्कयाने तर चौपट द्यायची तयारी दाखवली होती.

गोदामातल्या मालाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथे प्रामाणिक माणूसही गोंधळतो. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, पूर्वी अनेकांची हळद असायची. २००५ च्या महापुरात बहुतेक पेवं बुडाली आणि माल गोदामांकडे, कोल्ड स्टोरेजकडे वळला. ठेवलेली हळद सुकते, तशी वजनात घटते. बारा टक्के ओलाव्याची शंभर किलो हळद दहा टक्क्यांवर आली की सुमारे ९७ किलो ८०० ग्रॅम भरते. सुमारे सव्वादोन किलोची ही घट खरी आहे. पण आत येताना ओलावा मोजलाच नसेल तर पाच किलोची तूटही 'घट' म्हणून खपते. म्हणून माल येताना आणि जाताना मीटरने ओलावा मोज, दोन्ही आकडे पावतीवर लिही, पावतीची एक प्रत शेतकऱ्याला दे. एकाचा चांगला माल दुसऱ्याच्या नावावर फिरवायचा नाही, भाव सारखा असला तरी. शेजाऱ्याने राखायला दिलेल्या वस्तूचा जाब निर्गम २२ मध्ये मागितला आहे.

रंग चढवलेली हळद दारात घेऊ नकोस. पॉलिश करताना कोणी पिवळा रंग टाकतात, त्यात लेड क्रोमेट असू शकतं. ते शिशाचं संयुग आहे, लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन दोन हळकुंडं टाक. लगेच पिवळाधमक रंग सुटला तर संशय घे आणि प्रयोगशाळेचा दाखला येईपर्यंत सौदा थांबव. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते नाव हजारो शेतकऱ्यांचं आहे.

हमालांची मजुरी संध्याकाळ व्हायच्या आत. अनुवाद २४:१५ चं कारण फार माणुसकीचं आहे: तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीवर लागलेला असतो. माथाडी मंडळाकडे नोंद असलेल्यांची मजुरी आणि लेव्ही (मजुरीवर मंडळाला द्यायची रक्कम) मंडळात वेळेवर भर. बाकीच्यांना सुट्टे पैसे दुपारीच आणून ठेव, 'उद्या सुट्टे देतो' म्हणायची वेळ येऊ नये. पिण्याचं पाणी आणि धुळीसाठी तोंडाला बांधायचे रुमाल हे तुझ्या खर्चात.

उचल देताना कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या स्टॅम्पवर सही घ्यायची नाही. रक्कम आणि तारीख दोन प्रतींत लिही. उचल घेतली म्हणून माल तुझ्याच गाळ्यावर आणायची अट नको. दुखण्याखुपण्याला, पेरणीला मागणाऱ्याकडून व्याज तर मुळीच नको. यात तुझं भांडवल अडकेल, म्हणून आधीच एक रक्कम ठरव आणि ती संपली की हात जोडून नाही म्हण.

दशांश, म्हणजे देवासाठीचा दहावा हिस्सा, उलाढालीतून काढू नकोस, ती शेतकऱ्याची आहे. अडतीतून भाडं, वीजबिल, पगार वजा जाता बेचाळीस हजार उरले तर चार हजार दोनशे महिन्याच्या पहिल्याच दिवशी वेगळे काढ. माझ्या मते निम्मे मंडळीला (चर्चला) आणि निम्मे मिरजेला उपचारासाठी आलेल्या एखाद्या कुटुंबाच्या औषधाला. कोणाला दिले ते गाळ्यावर बोलायचं नाही.

दसऱ्याला हमाल काट्याला झेंडूचा हार घालतील. तो काढू नकोस, त्यांचं मन दुखवू नकोस. तू पूजा करणार नाहीस हे आधीच शांतपणे सांग, सगळ्यांना बक्षिशी आणि सुट्टी दे, आणि त्यांच्यासाठी चार ओळींची प्रार्थना मराठीत कर. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला तो याच ओढीने, ख्रिस्ताचा झालेला माणूस आपल्या मातीला परका होऊ नये म्हणून.

रविवारी उपासनेला जाताना कोणाशी हिशोबावरून बिनसलेलं असेल तर मत्तय ५:२३ आठव आणि आधी त्याच्या घरी जा. उशीर झाला तर मागच्या बाकावर बस.

गाळ्यात जुना काटा आहे म्हणालास. त्याच्यावरच्या मुद्रेची तारीख बघून आज रात्री फोनवर सांग.

तुझे पप्पा